गूगलवरचं ऑपरेशन आणि टेबलावरचं ऑपरेशन

इंदुरात कोणी मोबाइलवर नुसतं ‘बायपास’ टाइप केलं, तर त्याला नेमकं काय हवंय? मांगलियाहून राऊकडे जाणारा रस्ता, हृदयाचं ऑपरेशन, की जठराचं? ‘स्लीव्ह’ म्हणजे ब्लाउजची बाही की कापून अरुंद केलेलं जठर? ‘बँड’चं तर विचारूच नका. लग्नसराईत बँड शोधणारे सगळे वऱ्हाडीच असतात.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लोकांना किती उत्सुकता आहे हे पाहायचं असेल तर हल्ली सरळ ‘गूगल ट्रेंड्स’ उघडतात, म्हणजे गूगलवर कोणता शब्द कधी किती शोधला गेला ते दाखवणारं पान. फुकट आहे, 2004 पासूनचे आकडे आहेत, आलेखही देखणा येतो. मग तो आलेख रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांशेजारी ठेवला जातो, आणि दोन्ही रेषा जुळत नाहीत म्हणून आश्चर्य व्यक्त होतं. आश्चर्य वाटायचं कारण नाही. शोधणारा आणि टेबलावर झोपणारा यांच्यामध्ये शब्दांचा गोंधळ, बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे निकष, विमा, तपासण्या आणि घरातली आजी एवढी मंडळी उभी असतात. घरात कोणी हे ऑपरेशन करून घ्यायचं मनात घेतलं असेल तर आलेखापेक्षा ही मधली मंडळी समजून घेणं जास्त कामाचं.

आलेखातला 100

ट्रेंड्सच्या आलेखावर 0 ते 100 अशी पट्टी असते. ही शोधांची संख्या नाही. निवडलेल्या प्रदेशात आणि काळात, एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा जेव्हा सर्वांत मोठा होता त्या वेळेला 100 धरतात आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मांडतात.

एक कल्पित उदाहरण घ्या. एका वर्षी एकूण 10 लाख शोध झाले, त्यांत 1,000 या शस्त्रक्रियेबद्दलचे. दहा वर्षांनी एकूण शोध 1 कोटी, त्यांत शस्त्रक्रियेचे 5,000. विचारणारे पाचपट झाले, पण वाटा 0.1 टक्क्यावरून 0.05 वर आला. आलेख 100 वरून 50 वर घसरलेला दिसणार आणि मथळा येणार: ‘लोकांचा रस निम्म्यावर’. भारतात गेल्या पंधरा वर्षांत घरोघरी मोबाइलवर इंटरनेट आलं आणि लोक क्रिकेटपासून गॅस बुकिंगपर्यंत सगळंच शोधू लागले. त्यामुळे आपल्याकडच्या आलेखांत ही फसगत अमेरिकेपेक्षा जास्त होते.

आणखी काही खोडी माहीत असाव्यात. ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, नमुना घेतं. म्हणून तोच प्रश्न दोन वेगवेगळ्या दिवशी विचारला तर आकडे थोडे वेगळे येतात. एका वेळी पाचच शब्दांची तुलना करता येते. जानेवारी 2011, जानेवारी 2016 आणि जानेवारी 2022 या ठिकाणी गूगलने मोजण्याच्या पद्धतीत बदल केल्याची खूण आलेखावरच असते. तिथे रेषेने अचानक उडी मारली असेल तर त्यात लोकांच्या मनाचा हात नसेलही. आणि 0 चा अर्थ ‘कोणीच शोधलं नाही’ असा नसतो. मोजण्याइतके शोध मिळाले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

हे शेवटचं मराठीसाठी फार महत्त्वाचं. मध्य प्रदेश निवडून ‘स्थूलता शस्त्रक्रिया’ असे शुद्ध शब्द टाकले तर आलेख रिकामा येण्याचीच शक्यता जास्त. रामबागेतल्या किंवा राजेंद्रनगरातल्या मराठी घरात वरणभात मराठीत शिजतो, पण शोध होतो तो रोमन लिपीतल्या हिंदीत: ‘मोटापा कम करने का ऑपरेशन’, नाहीतर ‘चर्बी निकालना’.

त्या ‘चर्बी’ने मोठा घोळ केला आहे. चरबी ओढून काढणं म्हणजे लायपोसक्शन. ते कातडीखालची चरबी काढून आकार सुधारण्यासाठी असतं, वजनाच्या आजारावरचा इलाज म्हणून नाही. 2004 मध्ये अमेरिकेत 15 स्थूल स्त्रियांची प्रत्येकी साधारण दहा किलो चरबी अशी काढून पाहिली. 10 ते 12 आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनच्या कामात किंवा रक्तदाबात काही फरक नव्हता. बेरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याच्या, शस्त्रक्रियेत याच्या उलट असतं. ती चरबीला हात लावत नाही, जठर आणि आतडं बदलते; वजन नंतर घरी उतरतं. म्हणून ‘चर्बी’चे शोध या शस्त्रक्रियेच्या खात्यावर टाकले की सुरुवातच चुकते.

बातम्यांच्या लाटा हा तिसरा घोळ. 2011 मध्ये नितीन गडकरींची आणि सप्टेंबर 2014 मध्ये अरुण जेटलींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचं सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. 2017 च्या फेब्रुवारीत जवळपास 500 किलो वजनाची म्हणून गाजलेली इजिप्तची महिला खास विमानाने मुंबईत आणली गेली. अशा बातमीनंतर शोधणाऱ्यांतले बहुतेक जण बातमी वाचणारे असतात. दुसरीकडे, ऑपरेशन झालेली व्यक्ती ‘स्लीव्ह के बाद बाल झड़ना’ असं रात्री दोनला शोधत असते, तिचीही भर ‘उत्सुकते’तच पडते.

आणि वेळ. वजन-डाएटचे शोध दर जानेवारीत उसळतात, संकल्पाचा महिना. अमेरिकेत ठरवून करायच्या शस्त्रक्रियांची गर्दी मात्र वर्षअखेरीस होते, कारण विम्यात आपल्या खिशातून भरायची वार्षिक रक्कम तोवर भरून झालेली असते. आपल्याकडे मुलांच्या परीक्षा आणि घरातलं लग्न बघून तारीख निघते. पहिल्या शोधापासून टेबलापर्यंत महिने जातात, कधी वर्षं. त्यामुळे एकाच महिन्यातले शोध आणि शस्त्रक्रिया समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही.

शब्द मागे राहतो, ऑपरेशन पुढे जातं

या शस्त्रक्रियेचं कूळ जुनं आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकणारी ऑपरेशनं झाली. वजन उतरलं, पण जुलाब, मूतखडे आणि यकृताचे आजार मागे लागले, म्हणून ती बंद पडली. ‘आतडं कापतात, मग माणूस वाळत जातो’ ही आजही ऐकू येणारी भीती त्याच जातीची आहे. 1966 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. 1990 च्या दशकात हेच काम दुर्बिणीतून होऊ लागलं.

जून 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जठराभोवती बसवायच्या फुगवता येणाऱ्या पट्ट्याला, म्हणजे गॅस्ट्रिक बँडला, परवानगी दिली. कापाकापी नाही, नको झाला तर काढता येतो, अशी त्याची जोरदार जाहिरात झाली आणि ‘लॅप बँड’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. पुढे पट्टा सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं, अन्ननलिका फुगणं सुरू झालं. पट्टे काढण्यासाठीच पुन्हा ऑपरेशनं होऊ लागली. अमेरिकेतल्या बेरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या अंदाजानुसार 2011 मध्ये 1,58,000 शस्त्रक्रियांपैकी 35.4 टक्के बँडच्या होत्या. 2019 मध्ये एकूण 2,56,000 पैकी बँड राहिले 0.9 टक्के, आणि स्लीव्ह 17.8 वरून 59.4 टक्क्यांवर गेली.

शोधताना मात्र लोक ऐकलेलाच शब्द टाकतात. बँडचे जुने लेख आणि व्हिडिओ आजही नेटवर आहेत, कोणी ते उतरवून ठेवत नाही. ज्याला सर्जनने हातही लावला नसता असं उपकरण वाचून माणूस ओपीडीत येतो, आणि पहिली वीस मिनिटं ते मनातून काढण्यात जातात.

जगभरच्या आकड्यांतही स्लीव्हच पुढे आहे. 2018 साली सुमारे सात लाख शस्त्रक्रियांची नोंद झाली, निम्म्याहून जास्त स्लीव्ह. भारतात स्लीव्हबरोबर एकाच जोडाचा बायपास, बोलीत ‘मिनी बायपास’, बराच होतो. 1997 मध्ये रॉबर्ट रटलेज यांनी सुरू केलेल्या या प्रकाराचं नाव फसवं आहे. ‘मिनी’ ऐकून लोकांना किरकोळ वाटतं, पण त्यात साधारण 150 ते 200 सेंटिमीटर आतडं वगळलं जातं.

गाळणीची भोकं

आता निकष. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 160 सेंटिमीटर उंचीच्या बाईंसाठी 27.5 चा बीएमआय म्हणजे 70.4 किलो, 30 म्हणजे 76.8, 35 म्हणजे 89.6 आणि 40 म्हणजे 102.4 किलो.

1991 मध्ये अमेरिकेने घालून दिलेली रेघ 40 ची होती. सोबत गंभीर आजार असेल तर 35. तीस वर्षं जग तिच्यावर चाललं. 2022 मध्ये अमेरिकेच्या आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली: 35 ला आजार असो-नसो शस्त्रक्रियेची शिफारस, 30 ते 35 मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार. आशियाई लोकांना कमी वजनातच मधुमेह गाठतो म्हणून त्यांच्यासाठी 27.5 पासूनच विचार करावा असं सांगितलं. आपली चरबी पोटात, यकृताभोवती साठते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण स्थूलता 28.6 टक्के प्रौढांत होती, तर पोटाचा घेर वाढलेले 39.5 टक्के होते.

विमा मात्र जुन्या रेघेवरच उभा आहे. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 2019 च्या प्रमाण कलमानुसार वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळलेलाच आहे, फक्त चार अटी एकत्र पुऱ्या झाल्या तर तो मिळतो. डॉक्टरांचा सल्ला हवा, तो वैद्यकीय नियमांत बसायला हवा, वय 18 पूर्ण हवं, आणि बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. 35 ते 40 मध्ये असाल तर हृदयाचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा उपचारांना दाद न देणारा टाइप 2 मधुमेह यांपैकी काहीतरी, आणि बाकीचे उपाय फसल्याचा पुरावा हवा.

म्हणजे 160 सेंटिमीटर उंची, 80 किलो वजन आणि न आवरणारा मधुमेह असलेल्या बाईंचा बीएमआय भरतो 31.25. डॉक्टर म्हणतील, विचार करू. विमा कंपनी म्हणेल, नाही. खासगी रुग्णालयात खर्च साधारण अडीच ते पाच लाख. शोध आणि शस्त्रक्रिया यांच्यातली सर्वांत मोठी दरी इथे आहे असं आमचं मत आहे, लोकांच्या ‘अनास्थे’त नाही. ज्यांचा बीएमआय अटीत बसतो त्यांनीही ॲडमिट होण्याआधी लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. तिच्यासाठी मोजलेली उंची-वजन, आधीच्या उपचारांची कागदपत्रं आणि झोपेच्या तपासणीचा अहवाल जोडावा लागतो. उंची दोनदा मोजून घ्या. दोन सेंटिमीटरच्या चुकीने 35 चा 34 होतो आणि दावा परत येतो. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ वेगळाच पाहायचा.

पैशाच्या पलीकडे घरचे. ‘जिभेवर ताबा ठेव म्हणजे झालं’ हे वाक्य या आजाराच्या मुळाशी जाऊन चुकतं. वजन उतरलं की शरीर भुकेचं हार्मोन वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. ते जुन्या वजनाकडे ओढतं. डाएटने घटवलेलं वजन पुन्हा चढतं त्याचं मोठं कारण हे आहे. भीतीबद्दल एक आकडा: चांगल्या केंद्रांत 30 दिवसांतला मृत्यूचा धोका हजारात साधारण एक, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास. शून्य नाही.

यानंतर तपासण्या, आणि इथेही काही जण गळतात किंवा वाट बदलतात. एंडोस्कोपी टाळू नये. फार घशाशी येणारं ॲसिड, मोठा हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकणं) किंवा अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं दिसलं तर स्लीव्ह सहसा करत नाहीत, बायपासकडे वळतात. हेलिकोबॅक्टर जिवाणू सापडला तर आधी त्याचा कोर्स. घोरणाऱ्यांची झोपेची तपासणी, कारण न कळलेला स्लीप ॲप्निया भुलीनंतरच्या रात्री जिवावर बेततो. थायरॉइड, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), बी12, डी जीवनसत्त्व, लोह, पित्ताशयाची सोनोग्राफी. तंबाखू-सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद. मानसतज्ज्ञाची भेट हा सोपस्कार म्हणून नावापुरता उरकला जातो, ते चूक आहे. दारूचं व्यसन किंवा बकाबका खाण्याचा विकार असेल तर तो ऑपरेशनने बरा होत नाही, रूप बदलून परत येतो.

टेबलावर

आधीचे दोन आठवडे रोज 800 ते 1,000 कॅलरींचा, बराचसा द्रव आहार असतो. लोकांना वाटतं ही परीक्षा आहे. कारण साधं आहे: यकृताचा डावा भाग जठरावर झाकणासारखा असतो, स्थूल माणसात तो चरबीने फुगलेला आणि ठिसूळ असतो. दोन आठवड्यांत तो आक्रसतो आणि सर्जनला खालचं दिसतं. आदल्या आठवड्यात ‘शेवटचं म्हणून’ सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्र काढणारे स्वतःचंच ऑपरेशन अवघड करतात.

स्लीव्हमध्ये पोटावर चार-पाच छिद्रं पाडून कार्बन डायऑक्साइड भरतात. जठराच्या बाहेरच्या कडेला चिकटलेल्या रक्तवाहिन्या आणि पडदा सोडवतात. तोंडातून 36 ते 40 फ्रेंच मापाची नळी जठरात उतरवतात. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर, तेव्हा नळी 12-13 मिलिमीटर जाडीची. या नळीच्या कडेने, जठराच्या खालच्या दारापासून साधारण चार सेंटिमीटर सोडून, वर डाव्या कोपऱ्यापर्यंत स्टेपलर चालवतात. 60 मिलिमीटरची पिनांची एक कार्ट्रिज, अशा चार ते सहा लागतात. स्टेपलर पिनांच्या रांगा मारून मधून कापतो. जठराचा 75 ते 80 टक्के भाग बाहेर येतो, उरते 100 ते 150 मिलिलिटरची केळ्यासारखी नळी. कापलेल्या भागात भुकेचं हार्मोन घ्रेलिन बनवणाऱ्या पेशी जास्त असतात, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही.

बिलात कार्ट्रिजची ओळ बघा. त्या एकदाच वापरायच्या असतात. खोकी आणि स्टिकर मागायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मागितल्याने चांगला सर्जन रागावत नाही.

बायपासमध्ये जठराचा वरचा 30 मिलिलिटरचा कप वेगळा करून त्याला लहान आतडं जोडतात. दोन जोड असतात, आणि एक भाग अन्नाच्या वाटेतून बाहेर जातो. मधुमेहावर याचा जोर जास्त. अमेरिकेतल्या एका चाचणीत पाच वर्षांनी एचबीए1सी 6 किंवा त्याखाली असलेले रुग्ण बायपासनंतर 29 टक्के, स्लीव्हनंतर 23 टक्के आणि नुसत्या औषधांवर 5 टक्के होते. ‘मधुमेह कायमचा बरा’ म्हणणाऱ्या जाहिरातींनी यातला 29 हा आकडा नीट वाचावा.

काय बिघडू शकतं? स्लीव्हची गळती शंभरात एक-दोन जणांना, आणि बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यात. तिथे भिंत पातळ असते, रक्तपुरवठा कमी, आणि खाली नळी अरुंद असेल तर आतला दाब तिथेच फुटतो. ही गळती घरी गेल्यावरही होऊ शकते. स्थूल माणसाचं पोट दाबून कडक लागत नाही, त्यामुळे फसायला होतं. खरी खूण नाडी. स्वस्थ पडलेलं असताना नाडी 120 च्या वर, ताप, धाप किंवा डाव्या खांद्यात दुखणं यांपैकी काही दिसलं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट बघू नये. ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यालाच गाठावं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊ नये. पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा दुसरा घातक प्रकार. म्हणून त्याच संध्याकाळी चालवतात आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात.

बायपासची धोक्याची घंटा उशिरा वाजते. वजन उतरलं की आतड्याच्या पडद्यातल्या फटी मोठ्या होतात आणि त्यांत आतडं अडकतं, महिन्यांनी किंवा वर्षांनी. जेवल्यावर येणारी मुरड घालणारी कळ, मध्येच पूर्ण थांबणारी, हे तिचं रूप. सीटी स्कॅन कधी कधी साफ येतो. अशा वेळी ‘माझा बायपास झाला आहे’ हे वाक्य सर्वांत आधी सांगायचं. जोडावरचा अल्सर तंबाखू आणि डोकेदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्यांमुळे होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आयुष्यभरासाठी टाळायचं.

घरी आल्यावर

नेटवर आधीचा-नंतरचा फोटो असतो. त्या दोन फोटोंच्या मधली दीड वर्षं कोणी टाकत नाही.

पहिले दिवस दर पंधरा मिनिटांनी 30 मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी किंवा गाळलेलं वरणाचं पाणी. मग दोन आठवडे ताक, पातळ दूध, गाळलेलं सूप. मग घोटलेलं मूगवरण, दही. मग मऊ पनीर, अंडं, खिमट. साधं जेवण सहा-आठ आठवड्यांनी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास थांबायचं. घास बोराएवढा.

इंदूरची जीभ इथे अडते, आणि अडते ती लोकांना वाटतं तिथे नाही. पोह्यांवरची शेव, बाफला (कणकेचा भाजलेला गोळा) किंवा तळलेला गराडू कंद सुरुवातीला उतरतच नाहीत. बाफल्याचा कोरडा गोळा नळीत बसतो आणि उलटी होते, माणूस आपोआप शिकतो. धोका शिकंजीचा. आपली इथली शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे, ते घट्ट आटवलेलं गोड दूध आहे. ते अरुंद नळीतून सुळकन उतरतं, पोट भरल्याची जाणीव होत नाही. दुसऱ्या वर्षी वजन परत चढतं त्यात अशा पिण्याच्या कॅलरींचा हात मोठा. बायपासवाल्यांना जलेबीने वेगळाच प्रसाद मिळतो: साखर थेट आतड्यात जाते, अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरड. याला डंपिंग म्हणतात.

प्रथिनं रोज 60 ते 80 ग्रॅम हवीत. शाकाहारी घरात हा आकडा गाठणं कठीण. 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत सात-आठ. म्हणून पहिले महिने प्रथिनांची पावडर लागते, तिला ‘जिमची पावडर’ म्हणून नाकं मुरडू नयेत. जीवनसत्त्वं जन्मभर: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट 1,200 ते 1,500 मिलिग्रॅम विभागून, डी जीवनसत्त्व रोज 3,000 युनिट, बी12 रोज 350 ते 1,000 मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला 1,000 चं इंजेक्शन, पाळी येणाऱ्या स्त्रियांना 45 ते 60 मिलिग्रॅम लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. पित्ताशय शाबूत असेल तर खडे टाळण्यासाठी सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड देतात. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. गरोदरपण 12 ते 18 महिने लांबवायचं, आणि वजन उतरलं की बीजनिर्मिती सुधारते म्हणून गर्भनिरोधनाची काळजी आधीपेक्षा जास्त घ्यायची.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. दोन-तीन आठवडे उलट्या होत असतील तर बी1, म्हणजे थायमिन, संपतं. शरीरात त्याचा साठा फार थोडा असतो. मग डोळे तिरपे होतात, चाल अडखळते, बोलण्यात गोंधळ येतो. अशा रुग्णाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिन खर्च होऊन मेंदूची कायमची हानी होऊ शकते. थायमिन आधी, ग्लुकोज नंतर. सलाईन लावणाऱ्याला हे सांगायला लाजू नका.

हे सगळं पाळलं तर दीड वर्षात मूळ वजनाच्या 25 ते 30 टक्के उतरतं. 100 किलोची व्यक्ती 70-75 वर येते, 55 वर येत नाही. नंतर थोडं परत चढतंच. स्वीडनमध्ये 1987 पासून दोन हजारांवर रुग्ण आणि तेवढेच शस्त्रक्रिया न झालेले लोक यांच्यावर नजर ठेवली. 2007 मध्ये छापलेल्या निष्कर्षात शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचं प्रमाण सुमारे 29 टक्क्यांनी कमी होतं.

आता इंजेक्शन

मार्च 2025 मध्ये भारतात माउंजारो हे वजन घटवणारं इंजेक्शन आलं, जूनमध्ये तशाच प्रकारचं वेगोव्ही, आणि शोधाचा कल तिकडे वळला. आलेख आणि टेबल एकाच दिशेने हलण्याचा हा दुर्मीळ प्रसंग म्हणता येईल. अमेरिकेत खासगी विमा असलेल्या, मधुमेह नसलेल्या स्थूल रुग्णांत 2022 च्या दुसऱ्या सहामाहीच्या तुलनेत 2023 च्या दुसऱ्या सहामाहीत अशी औषधं घेणारे दुपटीहून जास्त झाले आणि शस्त्रक्रिया 25.6 टक्क्यांनी घटल्या. पण ‘इंजेक्शन आलं, ऑपरेशन संपलं’ हे अर्धवट वाचन आहे. इंजेक्शन बंद केलं की वजन बहुतांशी परत येतं, म्हणून खर्च दर महिन्याचा धरायचा. बीएमआय 45 असेल तर नुसत्या औषधाने सहसा पुरत नाही. ज्यांचा बीएमआय विम्याच्या रेघेखाली आणि डॉक्टरांच्या रेघेवर आहे, त्या 31.25 वाल्या बाईंसाठी मात्र हा खरोखर नवा पर्याय आहे.

आणि ज्यांचं इंजेक्शन चालू असताना कुठलंही ऑपरेशन ठरतंय, अगदी हर्नियाचं किंवा साधी एंडोस्कोपी असली तरी, त्यांनी ते भूलतज्ज्ञाला आठवडाभर आधी सांगावं. या औषधाने जठर सावकाश रिकामं होतं. रात्रभर उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं, आणि भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जातं. म्हणून कोणाला एक डोस टाळायला सांगतात, कोणाला आदला पूर्ण दिवस द्रव आहारावर ठेवतात, कोणाची टेबलावर घेण्याआधी जठराची सोनोग्राफी करतात. ‘डायबिटीसचं नाही, नुसतं वजनाचं आहे’ म्हणून फॉर्मवर ते लिहायचं राहून जातं.